दोन दारांचं मडकं

मानवतला मी ज्यांच्या घरात भाड्याने राहिले, ते काका कुणाच्याही घरी गेले की आधी माणसांकडे बघत नसत. आधी भिंतीच्या कडेला बघायचे, मग कोपऱ्यात, मग धान्याच्या कोठीमागे, आणि एवढं सगळं उरकल्यावर यजमानाला नमस्कार करायचे. एकदा पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले होते. पोहे झाले, चहा झाला, मुलीला नाव-गाव-शिक्षण विचारून झालं, तरी हे तोंडातून अवाक्षर काढेनात. शेवटी मुलीच्या वडिलांनीच विचारलं, "तुमी काई बोलले न्हाईत. कशी वाटली?"

काका म्हणाले, "पोरगी चांगली हाय. सैपाकघरात चार उंदीर हायेत. एक गाभण हाय."

लग्न जमलं, हे विशेष. त्याहून विशेष म्हणजे लग्नाआधी मुलीच्या वडिलांनी काकांना पुन्हा बोलावून घेतलं आणि स्वयंपाकघर मोकळं करून घेतलं. उंदीर पाच निघाले. ही एका उंदराची चूक काकांच्या मनाला लागून राहिली होती. "पाचवा पाहुना आला आसंल," असं त्यांनी मला दोन-तीनदा तरी सांगितलं असेल.

ते एका मोठ्या धान्याच्या गोदामात तीस वर्षं नोकरीला होते. कागदावर पहारेकरी. पण कापसावर आणि धान्यावर जगणाऱ्या गावात चोरापेक्षा उंदीरच जास्त नेतात, त्यामुळे काकांनी तीस वर्षं पहारा दिला तो उंदरांवरच. मी राहायला गेले तेव्हा त्यांना निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. तरी मी घराचा पत्ता विचारला तेव्हा चौकातल्या पानवाल्याने उलट मलाच विचारलं, "कोन, उंदीरवाले का?"

खोली देताना त्यांनी मला अटी सांगितल्या त्या अशा. धान्य डब्यात. डब्याला झाकण. खाली काही सांडायचं नाही. "बाकी तुमी काईबी करा," म्हणाले. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची, एकटी राहणारी बाई. बाकी घरमालकांनी मला जे जे विचारलं होतं त्यापुढे या अटी मला इतक्या आवडल्या की मी त्याच दिवशी सामान आणलं.

उंदीर मारायची त्यांची रीत त्यांनी पहिल्याच आठवड्यात, मी न विचारता, ओट्यावर बसून समजावून सांगितली. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. कालपर्यंत नसलेली गोळी आज दिसली तर तिला तोंड लावत नाही. म्हणून पहिल्या दिवशी ज्वारीच्या पिठाच्या, तेलागुळाच्या साध्या गोळ्या ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी त्याच जागी, त्याच वेळेला पुन्हा साध्याच. तोवर उंदरांची भीड चेपते, ते पोटभर खातात. मग तिसऱ्या दिवशी त्याच गोळीत काळी पूड घालायची.

"लोक म्हनतेत, उंदीर फसला," काका म्हणाले. "फसत न्हाई तो. लय हुशार जात. तो भरोसा ठिवतो, म्हून मरतो."

एसटीचं वेळापत्रक सांगावं तसं त्यांनी हे सांगितलं आणि पाणी प्यायला आत गेले.

त्या काळ्या पुडीला लसणासारखा वास येतो. हे मला नंतर कळलं. आधी कळलं ते असं, की मी पहिल्या रविवारी वर माझ्या खोलीत लसणाची फोडणी दिली आणि काका चपला घालून जे घराबाहेर पडले ते वास जाईपर्यंत शेजारच्यांच्या ओट्यावर बसून राहिले. थोड्या वेळाने काकू जिना चढून वर आल्या. "पोरी, आमच्या घरात लसूण चालत न्हाई गं." मला वाटलं, धार्मिक असेल काहीतरी. मी माफी मागितली. काकू म्हणाल्या, "देवाधर्माचं काई न्हाई. त्येंच्या नाकाचं हाय." तेव्हापासून मी लसणाशिवाय स्वयंपाक शिकले. अजूनही कधी कधी तसाच करते.

पण काकांची खरी तऱ्हा वेगळीच होती. ते स्वतःच्या हाताने कुणाला काही खायला देत नसत. गल्लीच्या गणपतीला वडीलधारा माणूस म्हणून त्यांच्या हाती प्रसादाचं ताट दिलं की ते हात मागे बांधायचे. लग्नाच्या पंगतीत म्हातारे-कोतारेसुद्धा उपरणं कमरेला गुंडाळून जिलबीची बादली घेऊन फिरतात. काका मांडवाच्या खांबाला पाठ लावून उभे राहायचे. नातू सुट्टीत यायचा. तो समोर तोंड उघडून उभा राही, "आजोबा, एक घास!" काका ताट उचलून काकूंच्या पुढे सरकवत. "आजीकडून खा." गावात काही लोक त्यांना आखडू समजत. गोदामात बसून लाटसाहेब झालाय, म्हणत. काकांच्या कानावर ते येई, पण त्यांनी कधी खुलासा केला नाही.

मी एकदा काकूंना विचारलं. त्या भाकऱ्या थापत होत्या.

"लग्नात भरवला व्हता एक घास," त्या म्हणाल्या. "जिलबीचा. बायांनी नाव घ्याय लावलं मला, त्येंनाबी लावलं, आन् मंग एकमेकाला घास. तवा नोकरी न्हवती. पुढच्या सालाला गोदामात लागले आन् हात बंद झाला. पस्तीस वर्सं व्हतील आता."

"तुम्हाला वाईट नाही वाटत?"

"वाईट काय वाटायचं. मला काय हात न्हाईत का?" काकू हसल्या. पण पुढची भाकरी त्यांनी जरा जास्तच जोरात थापली.

मग मी थेट काकांनाच विचारलं. मला असल्या बाबतीत दम निघत नाही. ते म्हणाले, "म्याडम, ह्या हातानं ठिवलेलं खाऊन आजपत्तर कोनी जगलं न्हाई." मी चहाचे कप उचलून विसळायला नेले.

आता माझ्या उंदराबद्दल सांगायला पाहिजे. उंदीर नव्हे, उंदरीण. मी एका औषधनिर्माण महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक होते. तिथलं प्राणिगृह बंद करायचं ठरलं. पांढरे उंदीर दुसऱ्या महाविद्यालयाने नेले, पण एक मादी त्यांनी नाकारली. वय झालेलं, मागच्या उजव्या पायाचं एक बोट तुटलेलं. "हिची विल्हेवाट लावा," असं मला सांगण्यात आलं. दीड वर्षं रोज सकाळी मी तिला दाणापाणी केलेलं होतं. पिंजऱ्याचं दार उघडलं की ती माझ्या मनगटावर पुढचे पाय ठेवून वास घ्यायची. विल्हेवाट म्हणजे काय ते मला चांगलं माहीत होतं. मी तिला जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घातलं आणि अख्ख्या मानवतात उंदराच्या सगळ्यात मोठ्या वैऱ्याच्या घरी घेऊन आले. दुसरं घरच नव्हतं मला.

महिनाभर ती माझ्या खोलीत तारेच्या पिंजऱ्यात होती आणि माझा जीव टांगणीला. काकांना वास येईल, आवाज जाईल, म्हणून मी खिडकी लावून घ्यायचे आणि रेडिओ लावून ठेवायचे. तिला रोज थोडा वेळ खोलीत मोकळं सोडायचे. एवढं करून माझा निकाल लागला तो चिमूटभर पिठाने. निवृत्तीनंतरही काका रोज संध्याकाळी उंबऱ्यात आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर पीठ भुरभुरवायचे आणि सकाळी लोक पेपर वाचतात तसे त्यावरचे माग वाचायचे. एका सकाळी मी कामाला निघाले तर ते पायरीपाशी उकिडवे बसलेले.

"म्याडम, तुमच्याकडं कोन आलंय?"

"कुणी नाही, काका."

"बगा मंग." त्यांनी बोट दाखवलं. पिठावर इवली इवली पावलं उमटली होती. "आपल्या गावचा उंदीर कडेनं जातो. भिताडाला मिशी घासत. हा पायरीच्या मधून आलाय, आन् निवांत माघारी गेलाय. मधून चालनारा उंदीर येक तर येडा आसतो, न्हाईतर कोनीतरी पाळलेला." मग जरा वाकून म्हणाले, "मागच्या उजव्या पायाचं येक बोट न्हाई."

आदल्या रात्री तिला मोकळं सोडलं तेव्हा खोलीचं दार नीट लागलं नव्हतं. आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. मी त्यांना वर नेलं आणि पिंजरा दाखवला. खोली तर जाणारच होती. मला भीती होती ती वेगळी. त्यांच्या कपाटात अजून काळ्या पुडीचा एखादा डबा असेल का, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता.

काका पिंजऱ्यासमोर खाली बसले. ती नव्या माणसाच्या वासाने थरथरत पिंजऱ्याच्या मधोमध बसली होती. त्यांनी मान वाकवून पिंजरा चारी बाजूंनी पाहिला. मग म्हणाले, "हिला लपायला कुठं हाय?"

"पिंजरा आहे की."

"पिंजऱ्यात चारी बाजूनं समदी दिसायलीय. मी काय इचारलं? लपायला कुठं हाय?"

मी म्हटलं, प्राणिगृहातही तिला असंच ठेवलेलं होतं. लपायला तिथेही काही नव्हतं.

"जल्मात न्हाई?"

"नाही."

काका उठले, गुडघ्यावर हात ठेवून. त्यांचा चेहरा रागावल्यासारखा झाला होता. "तो कापूस काढा आदी," पिंजऱ्यातल्या माझ्या गादीकडे बघत ते म्हणाले. "पिंजलेला कापूस पायाला गुंडाळतो, पाय सुजतो जनावराचा. गावात कापूस मिळतो म्हून काईबी घालायचं का?" आणि खाली निघून गेले. त्या दिवशी मी कामाला उशिरा पोचले. बोलणी खाल्ली, पण मला काही ऐकूच आलं नाही.

संध्याकाळी परत आले तर काकांनी जिन्याखालची जागा झाडून, सारवून काढलेली होती. घरातला सगळ्यात थंड आणि अंधारा कोपरा तो. तिथे भिंतीला चिकटून एक लाकडी खोकं, खोक्यात ज्वारीचा भुसा, भुशात आडवं पुरलेलं एक मडकं. मडक्याचं तोंड त्यांनी खापराचा तुकडा आणि चिखल लावून बंद केलेलं, आणि पुढच्या अंगाला एक भोक पाडलेलं. भोक दोन बोटांचं. "डोकं गेलं की अंग जातंय," ते म्हणाले. "तीस वर्सं असली भोकं बुजवत आलो. माप काय चुकंल?" मिक्सरचा आवाज तिथे पोचत नाही हे त्यांनी काकूंना मिक्सर लावायला सांगून, स्वतः जिन्याखाली बसून तपासून घेतलेलं होतं. शेजाऱ्यांचा बोका येऊ नये म्हणून जिन्याखाली जाळीचं दार बसवलं होतं. एवढं सगळं एका दिवसात.

आणि ती आत जाईना.

दोन दिवस ती मडक्याच्या भोकापाशी येऊन वास घ्यायची, डोकं आत घालायची आणि मागे सरकायची. उघड्यावर बसून राहायची. काका बेचैन झाले. जेवताना अर्ध्यातच उठून जाळीतून बघून यायचे. "जागा बराबर हाय. अंधार बराबर हाय. कामून जात न्हाई?" काकूंनी सुचवलं, "शिकली-सवरलेली हाय ती. कालिजातली. तिला तुमचं मडकं आवडंना." काका हसले नाहीत.

तिसऱ्या दिवशी पहाटेच त्यांनी माझं दार वाजवलं. मी घाबरून उघडलं. म्हटलं, गेली की काय.

"म्याडम," ते म्हणाले, "मी सापळा केला."

"काय केलं?"

"येकच दार ठिवलं. जिंदगीभर येका दाराची वस्तू केली, हात तसाच चालला. उंदराच्या बिळाला मागचं दार आसतंय. पुढनं कोनी आलं तर मागनं जायला. येका दाराचं घर म्हंजी सापळाच की! ती हुशार हाय. तिनं वळखलं, आन् मला वळखू आलं न्हाई."

त्या दिवशी दुपारभर ते मडकं मांडीवर घेऊन बसले होते. मागच्या अंगाला खिळ्याने टोचायचं, पाण्याचा थेंब सोडायचा, पुन्हा टोचायचं. जोर लावला असता तर मडकं उकललं असतं. चार वाजता दुसरं दार झालं. त्याच्या कडा त्यांनी दगडाने घासून गुळगुळीत केल्या, बोट फिरवून पाहिलं आणि मडकं पुन्हा भुशात बसवलं. ती आली, पुढच्या दाराने आत गेली, मागच्या दाराने बाहेर आली, पुन्हा आत गेली आणि आतच राहिली. काकांनी माझ्याकडे वळून मान हलवली.

मग मी आत अंथरायला चिंध्या घालायला निघाले तर त्यांनी माझा हात धरला. "घर आपन लावून द्यायचं न्हाई. आपन सामान टाकायचं. लावू द्या तिला." त्यांनी जुन्या धोतराचे तुकडे केले होते, एकाही तुकड्याला लोंबता दोरा नव्हता. ते आणि पेपरच्या पट्ट्या त्यांनी दारापासून हातभर लांब ठेवल्या. संध्याकाळभर ती एकेक तुकडा तोंडात धरून आत नेत होती. टीव्हीवरची मालिका सोडून काकूही जाळीपाशी येऊन बसल्या. एक मोठा तुकडा दारात अडकला, तिने तो बाहेर ओढला, घडी केल्यासारखा तोंडात गोळा केला आणि आत नेला. "अगं बया," काकू म्हणाल्या, "सौंसाराची लय हौस हाय हिला." उंदीरमामा सगळ्यांनाच माहीत असतो; ही मादी, म्हणून काकूंनी तिला मामी करून टाकलं. नाव चिकटलं.

तेव्हापासून मामीच्या घराची सगळी निगा काकांकडे. पाणी तेच भरायचे. भुसा तेच बदलायचे. उन्हाळा तापू लागला तसं मडक्यावर ओलं फडकं टाकायचे आणि ते सुकलं की पुन्हा भिजवायचे. दुपारी जाळीच्या आत, मडक्यापासून तीन हात लांब, भिंतीला पाठ टेकून बसायचे. मामीही आता कडेकडेने चालायला शिकली होती, आणि काकांना त्याचा मुलगी पहिल्या नंबराने पास झाल्याइतका आनंद झाला होता. पण दाणे ठेवायचे ते काकूंनी किंवा मी. त्यात बदल नव्हता. एकदा मामी त्यांच्या पायाच्या अंगठ्यापर्यंत आली आणि मागच्या पायांवर उभी राहून काहीतरी मिळेल म्हणून त्यांच्याकडे बघू लागली. काकांनी दोन्ही हात काखेत दडवले.

मग मे महिना आला. येलदरीहून आईचा फोन आला, वडील पायरीवरून पडले, पायाला प्लास्टर घातलंय, तिच्या एकटीच्याने त्यांना उचलवत नाही. भाऊ सुट्टी काढून येणार होता, पण त्याला तीन दिवस लागणार होते. मी सकाळच्या गाडीने निघाले, घाईत फक्त काकूंना एवढंच म्हणाले की जाऊन येते. त्या समजल्या, संध्याकाळी परत येईन. दुपारी त्यांना पालमहून निरोप आला की बहिणीची तब्येत एकदम बिघडली. त्यांनी मामीपुढे संध्याकाळपर्यंतचे दाणे ठेवले आणि पालमची बस धरली. मला वाटलं, काकू घरी आहेत. काकूंना वाटलं, मी येतेय. हे आम्हाला कळलं ते संध्याकाळी फोनवर. घरी फक्त काका होते.

मी त्यांना फोन केला.

"पानी ठिवलंय," ते म्हणाले. "फडकं वलं केलंय. तापायलंय लय."

"आणि खायला?"

ते पुन्हा फडक्याचंच सांगायला लागले.

"काका, दाण्याचा डबा काकूंच्या ओट्यावर आहे. मूठभर ज्वारी तिच्यापुढे ठेवायची. एवढंच."

"शेजारच्या बाईला सांगून बगितलं. ती जाळीपशी आली आन् वरडत पळाली."

"मग तुम्ही ठेवा ना!"

"म्याडम," काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला, "मी ठिवायला लागलो की तिसरा दिस येतो."

"विष कुठे आहे आता तुमच्याजवळ?"

"न्हाई. पर हाताला काय म्हाईत?"

माझी सहनशक्ती संपली. दिवसभर वडिलांना उठवून-बसवून माझी कंबर गेली होती, ऊन असं की पंख्याखालीही अंग भाजत होतं, आणि त्या उन्हात दोन वर्षांचं म्हातारं जनावर उपाशी राहिलं तर काय होतं ते मी प्राणिगृहात पाहिलं होतं. मी म्हटलं, "मग मरू द्या तिला. तीस वर्षांत एवढे मेले, त्यात आणखी एक." आणि फोन ठेवला.

हे वाक्य मी बोलले याची मला आजही लाज वाटते. पाचच मिनिटांनी पुन्हा फोन केला, उचलला नाही. दुसऱ्या दिवशी चार वेळा केला, उचलला नाही. काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मला बी उचलंना झालेत गं. हितं बहिणीला सोडून निगता येईना मला." आई विचारायची, सारखं फोनमध्ये काय बघतेस. तिला काय सांगणार, उंदराची काळजी करतेय? आणि खरं सांगायचं तर आता काळजी एकट्या उंदराची नव्हती.

तिसऱ्या दिवशी भाऊ आला तशी मी निघाले. जिंतूर, परभणी, मानवत. दुपारी तीनला घरासमोर उभी होते. दार नुसतं लोटलेलं. आत करपल्याचा वास भरून राहिलेला. ओट्यावर परातीत पीठ, आणि ताटात पाच-सहा भाकऱ्या, एकीचा आकार दुसरीला नाही, सगळ्यांना काळे डाग.

काका जिन्याखाली जमिनीवर बसले होते. केसांत, भुवयांत पीठ. त्यांनी माझी चाहूल ऐकली आणि मान न वळवता डावा हात वर केला, थांबा म्हणून. उजवा हात जमिनीवर उताणा ठेवलेला होता. तळव्यावर भाकरीचा तुकडा. मामी मडक्याच्या पुढच्या दारातून अर्धी बाहेर आलेली, पुढचे दोन्ही पाय त्यांच्या अंगठ्यावर ठेवून ती खात होती.

तुकडा संपला. काकांनी भाकरीचा आणखी एक लचका तोडला, त्यातला अर्धा स्वतःच्या तोंडात टाकला, सावकाश चावून गिळला. मग बराच वेळ थांबले. मग उरलेला अर्धा तळव्यावर ठेवला.

मी तिथेच पायरीवर बसले. "कधीपासून?" मी हळूच विचारलं.

"तुमचा फोन झाला तवापसून. आदी मी खायचं, मंग तिला. काल बी तसंच."

"आणि आज?"

"आज तिसरा दिस." त्यांनी हाताकडे पाहिलं. हात थरथरत होता आणि त्याबरोबर मामीचे पायही हलत होते, पण ती काही हटली नव्हती. "सकाळधरनं हितंच बसलोय. तेल-गूळ न्हाई घातला. तेल-गूळ घातला की आमिष होतंय. ही भाकर हाय नुसती." मग जरा वेळाने म्हणाले, "बरी हाय की ती. न्हाई का?"

"बरी आहे, काका."

मी फोनवर बोलले त्याबद्दल माफी मागायला लागले. त्यांनी पुन्हा डावा हात वर केला. "हळू बोला. खायलीय ती."

मामी त्यानंतर आठ महिने जगली. संक्रांत झाल्यावर एका सकाळी ती मडक्यात, धोतराच्या तुकड्यांत गुरफटून निजली ती उठली नाही. काकांनी ती दोन दारं तशीच ठेवून मडक्यासकट तिला परसात पुरलं. पुढे माझी नोकरी बदलली, मी मानवत सोडलं. पण मला राहून राहून आठवते ती त्या मे महिन्यातल्या तिसऱ्या दिवसाची संध्याकाळ.

दिवेलागणीला काकू पालमच्या बसने आल्या. बहिणीला उतार पडला होता. पिशवी टेकवून त्या उंबऱ्यातच बसल्या, पदराने वारा घेत म्हणाल्या, "पोरी, तांब्याभर पानी दे गं." मी उठायच्या आत काका उठले. पाणी आणलं. मग ताट घेतलं, त्यातल्या त्यात बरी भाकरी निवडली, वर शेंगदाण्याची चटणी घातली आणि ताट काकूंच्या पुढे ठेवलं.

काकूंनी ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तू केलीस?"

मी मान हलवली. नाही म्हणून.

काका खाली बसले. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला आणि हात पुढे केला.

"आदी मी खाल्लीय," ते म्हणाले. "सकाळीच."

काकू त्या हाताकडे बघत राहिल्या. मग त्यांनी तोंड उघडलं. घास चावला, गिळला, पदराने तोंड पुसलं.

"करपलीय," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा तोंड उघडलं.